तोंड मिटून काढलेला फोटो

परवा आमच्या दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं जुना फोटो टाकला. १९९० चा, निरोप समारंभाचा. शाळेच्या पायऱ्यांवर चौतीस पोरंपोरी, मध्ये खुर्च्यांवर गुरुजी. माझ्या पुण्यातल्या पुतणीनं तो बघून विचारलं, "काका, तुमच्या वर्गात काय झालं होतं? सगळे एवढे गंभीर का?"

गंभीर कोणीच नव्हतं. फोटोग्राफर चांगला गंमतीदार होता, "हसा" म्हणून चार वेळा ओरडला होता. पण हसायचं म्हणजे दात दाखवायचे, आणि आमच्या वर्गात दात कोणीच दाखवत नसे. मुली पदर नाहीतर ओढणी तोंडावर धरत, मुलं ओठ मिटून घेत. फोटोत एकच पोरगा तोंडभर हसतोय, मागच्या ओळीत डावीकडे. पोस्टमास्तरांचा. त्याच्याकडे पुढं येतोच.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, पैनगंगेच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, इथल्या वाचणाऱ्यांना कळेलच. आणि नाव लिहून तरी काय, केळापूर-पांढरकवड्याच्या पट्ट्यातली, चंद्रपूरच्या वरोरा भागातली, नांदेडच्या किनवटकडची कितीतरी गावं हा फोटो आपलाच म्हणतील. पिवळे दात, तपकिरी पट्टे असलेले दात, काहींच्या दातांना तर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे.

आम्हाला सांगितलं गेलेलं कारण एकच होतं: तुम्ही दात घासत नाही. प्रार्थनेनंतर एक गुरुजी ओळीनं तोंडं उघडायला लावत. "काहून बे, सकाळी दात घासले नाहीत का?" घासले म्हटलं तर खोटं बोलतो म्हणून एक छडी जास्त. मी पाचवीत असताना तीनदा घरी परत गेलोय, दात घासून ये म्हणून. माय चुलीतली राखुंडी हातावर द्यायची आणि मी रडत घासायचो, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. डाग तसाच. त्या गुरुजींचा आज राग नाही, त्यांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं. पण छडी लक्षात आहे.

या सगळ्याचा इतिहास मला फार उशिरा कळला, आणि तो सुरू होतो आपल्यापासून हजारो मैलांवर. तो सांगायचं कारण शेवटी येईल.

१९०१ साली अमेरिकेत फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य नुकतंच शिक्षण संपवून कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना टाकायला गेला. तिथं त्याला दिसले तेच, आमच्या वर्गातले दात. चॉकलेटी डाग पडलेले, आणि तेही तिथंच जन्मलेल्या लोकांचे. पुस्तकात याबद्दल एक ओळ नाही. गावातल्या लोकांना विचारलं तर प्रत्येकाचं कारण वेगळं. कोणी म्हणे डुकराचं मांस जास्त खातात, कोणी म्हणे दूध वाईट आहे. म्हणजे खाणाऱ्याचीच चूक. वाचताना मला आमचे गुरुजीच आठवले.

मॅकेनं हट्ट सोडला नाही. १९०९ साली तिथल्या दंतवैद्यांनी पोरं तपासली तेव्हा गावात जन्मलेल्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या दातांवर डाग निघाले. मग त्या काळचे अमेरिकेतले सगळ्यात मोठे दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक स्वतः आले आणि १९१५ मध्ये वारेपर्यंत मॅकेबरोबर या कामात राहिले. दोघांना दोन गोष्टी सापडल्या. पहिली: हा डाग वरून बसत नाही. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच त्याच्या वरच्या थरात दोष राहतो. म्हणून जी माणसं मोठेपणी, पक्के दात आल्यावर त्या गावात राहायला आली, त्यांना काहीच होत नाही. दुसरी गोष्ट चमत्कारिक होती. असले डागाळलेले दात किडत मात्र फारसे नव्हते.

आता तो पोस्टमास्तरांचा पोरगा. तो आठवीत असताना बदली होऊन आला होता, अमरावतीहून. आमच्यासारखंच पाणी प्यायला, आमच्याच बरोबर बोरं खाल्ली, आणि दात घासायच्या बाबतीत सांगायचं तर आमच्यातला सगळ्यात आळशी. दात पांढरेशुभ्र. आम्ही त्याला नशीबवान समजत होतो. त्याचे दात आमच्या गावात येण्याआधीच घडून झाले होते, एवढंच.

इथं थोडं थांबून दाताबद्दल. दाताचं जे वरचं कवच आहे, एनॅमल, ते आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. हाडापेक्षा कठीण. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक दाटीवाटीनं रचून ते होतं. पण त्याची एक मोठी उणीव आहे. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते. एनॅमल मात्र एकदाच बनतं. ते बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत आपलं काम संपवून निघून जातात. पुढचे पक्के दात साधारण वयाच्या आठ वर्षांपर्यंत आतल्या आत तयार होत असतात, तेवढ्या काळात शरीरात जे गेलं त्याची नोंद त्या कवचात कायमची राहते. म्हणजे आमच्या तोंडात आमच्या गावाच्या पाण्याचा रेकॉर्डच आहे, सात-बाऱ्यापेक्षा पक्का.

आणि घासून तो जात नाही. मी प्रयत्न केलेत. दहावीत असताना कोणीतरी सांगितलं म्हणून वर्षभर लिंबू आणि मीठ चोळलं. लिंबाचं आम्ल एनॅमल विरघळवतं आणि मीठ त्यावर कानस चालवतं. डाग गेला नाही, कवच गेलं. आज पन्नाशीत माठाचं पाणी प्यालो तरी कळ मस्तकात जाते. आमच्यातल्या काहींनी विटेचा चुरा वापरला, काहींनी कोळसा. हे अजून चालतं, आता फक्त मोबाईलवर बघून चालतं, म्हणून सांगतो. आंबट खाल्लं, प्यालं की एनॅमल थोडा वेळ मऊ पडतं. तेव्हा लगेच ब्रश मारण्यापेक्षा साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरावी, अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. तेवढ्या वेळात लाळ आपलं काम करते, गेलेलं कॅल्शियम थोडंफार परत बसवते. लाळेइतकं स्वस्त औषध नाही.

परत मॅकेकडे. १९२३ साली त्याला आयडाहो राज्यातल्या ओकली गावाहून बोलावणं आलं. पोरांच्या दातांवर डाग दिसू लागले होते. आणि कारण हेरलं होतं ते आयांनी. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पाच मैलांवरच्या गरम झऱ्याचं पाणी नळानं गावात आणलं, तेव्हापासून हे सुरू झालं. मॅकेनं पाणी तपासलं, त्याला काही वेगळं दिसलं नाही. तरीही त्यानं सांगितलं, ते पाणी सोडा, दुसरं आणा. गावानं ऐकलं. काही वर्षांत धाकट्या पोरांचे दात स्वच्छ येऊ लागले.

पाण्यात काय आहे ते कळायच्या आधी पाणी बदललं. आयांच्या शब्दावर. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

उत्तर मिळालं १९३१ मध्ये, आणि तेही एका कंपनीच्या पोटात दुखल्यामुळं. आर्कान्सामधलं बॉक्साइट हे अ‍ॅल्युमिनियम कंपनीचं गाव. तिथल्या पोरांचे दात डागाळलेले, पाच मैलांवरच्या गावात काही नाही. त्या काळी अ‍ॅल्युमिनियमची भांडी विषारी असतात अशी आवई उठलेली होती. कंपनीचा मुख्य रसायनशास्त्रज्ञ चर्चिल घाबरला, हे खापर आपल्या भांड्यांवर फुटायचं. त्यानं ते पाणी नव्या यंत्रावर बारकाईनं तपासून घेतलं. निघालं फ्लोराइड. त्याचा विश्वास बसेना. नमुनाच खराब झाला असेल म्हणून दुसरा मागवला. पुन्हा तेच. मग त्यानं मॅकेला पत्र लिहिलं, तुमच्याकडच्या डागवाल्या गावांचं पाणी पाठवा. सगळ्यांत फ्लोराइड. १९०१ ते १९३१, एका माणसाची तीस वर्षं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या कामाचं कमी आहे. ट्रेंडली डीन नावाच्या सरकारी दंतवैद्यानं गावोगावचं पाणी मोजून दाखवलं की लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असेल तर बहुतेकांच्या दातांवर डाग पडत नाहीत, उलट कीड कमी लागते. फ्लोराइड त्या स्फटिकांत शिरून त्यांना आम्लापुढं जास्त टिकाऊ करतं. २५ जानेवारी १९४५ ला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरानं आपल्या नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घातलं, असं करणारं जगातलं पहिलं शहर. अकरा वर्षांत तिथं जन्मलेल्या पोरांच्या दातांची कीड ६० टक्क्यांहून जास्त घटली. तुलनेसाठी मस्केगॉन नावाचं शेजारचं शहर तसंच ठेवलं होतं. तिथल्या लोकांना थांबवेना, १९५१ मध्ये त्यांनीही घातलं. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड आलं ते याच शोधातून.

म्हणजे तेच द्रव्य थोडं असेल तर दात राखतं, जास्त असेल तर बिघडवतं. तिकडं घालायचं कसं यावर भांडणं झाली, अजून होतात. आपला प्रश्न उलटा आहे: काढायचं कसं.

भारतात हे पहिल्यांदा नोंदलं गेलं १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात नेल्लोरकडे. तिथल्या शेतकऱ्यांना आधी जाणवलं ते बैलांवरून. बैल आखडले, चालेनात. दात हा फक्त पहिला इशारा असतो. तेच पाणी वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हाडांत बसतं, मान-पाठ-गुडघे आखडतात. आमच्या गावातली वाकलेली म्हातारी माणसं "वय झालं" या खात्यात जमा झाली. त्यातली काही पन्नाशीचीही नव्हती.

आता आपला भाग, आणि इथं कोणी खलनायक नाही हे आधीच सांगतो.

माझा मोठा भाऊ १९६४ चा. त्याचे दात स्वच्छ आहेत. मी १९७४ चा, माझे तपकिरी. एक घर, एक चूल, एकच लिंबाची काडी. मधल्या दहा वर्षांत काय झालं? १९७२ चा दुष्काळ झाला. गावची विहीर तळाला लागली, बाया रात्री दोन वाजता पोहरा घेऊन नंबर लावत. १९७३ च्या उन्हाळ्यात गावात बोअर मारायचं मशीन आलं. आजी सांगायची, पाणी लागलं तेव्हा लोकांनी त्या मशीनला हळदीकुंकू वाहिलं.

त्या बोअरवर हातपंप बसला. हातपंपाचा इतिहास आपल्या मराठवाडा-सोलापूरशी जोडलेला आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप एका घरापुरते बनवलेले, गावानं वापरले की महिन्यात मोडायचे. जालन्याला मिशनच्या लोकांनी पोलादी, मजबूत पंप बनवायला सुरुवात केली, सोलापूरला ऑस्कर कार्लसन या स्वीडिश मिस्त्रीनं तो आणखी सुधारला. त्या सोलापूर पंपावरूनच युनिसेफ आणि भारत सरकारनं पुढं इंडिया मार्क टू तयार केला, जो आज आफ्रिकेतसुद्धा चालतो. या पंपानं लाखो पोरं वाचवली. उघड्या विहिरीच्या पाण्यानं हगवण, कॉलरा व्हायचा तो थांबला. आमच्या आजीची दोन लेकरं विहिरीच्या पाण्यानं गेली, माझ्या आईचं एकही गेलं नाही. हे विसरून बोअरला शिव्या देणं मला जमत नाही.

फक्त त्या वेळी पाणी तपासलं ते जंतूंसाठी. खडकात काय आहे हे कोणी विचारलं नाही. आपल्या राज्याचा बराच भाग काळ्या बेसॉल्टवर बसलाय, त्यात फ्लोराइड सहसा कमी. पूर्वेला आणि आग्नेयेला, चंद्रपूर-किनवटकडे, ग्रॅनाइटसारखे फार जुने खडक लागतात. त्यातल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं. वरच्या विहिरीचं पाणी पावसाचं, ताजं. खोल बोअरचं पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं, जितकं मुरलं तितकं खडकातलं घेऊन आलेलं. आणि दर दुष्काळात आपण आणखी खोल गेलो.

उपायही आपल्याच शेजारी निघाला. नागपूरच्या नीरी संस्थेनं १९७५ च्या सुमारास सोपी रीत काढली: पाण्यात ठरल्या मापानं तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. फ्लोराइड गाळाबरोबर खाली. तिचं नाव पडलं नलगोंडा पद्धत, तेव्हाच्या आंध्रातल्या त्या जिल्ह्यावरून. शोध नागपूरचा, नाव नलगोंड्याचं, आणि मधल्या आमच्या गावात पत्ता नाही. अर्थात ही रीत वाटते तेवढी फुकटात होत नाही. माप पाण्यागणिक बदलतं, अंदाजपंचे तुरटी टाकून भागत नाही, आणि रोज करावं लागतं. आमच्याकडे पुढं कधीतरी फिल्टरची टाकी बसली. उद्घाटनाचा फोटो छान आला. दोन वर्षांत आतला माल बदलायचा राहिला आणि टाकीवर आता कबुतरं बसतात. हातपंपावर लाल रंग मारला होता, तोही उडाला.

माझ्या धाकट्या बहिणीला दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसऱ्या ठिकाणी पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं, "मुलीला मिस्री लावायची सवय आहे का?" बहीण उठून आत गेली. आणि गंमत बघा, आमच्या पणजीच्या काळात सुवासिनी हिरडा, हिराकस वगैरेचं दातवण लावून मुद्दाम दात काळे करत, ते सौभाग्याचं लक्षण होतं. मिस्रीचं सांगायचं तर तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि टूथ पावडरवर १९९२ पासून देशात बंदी आहे, तरी घराघरात तवा तापतोच. ते वेगळं प्रकरण, कधीतरी लिहीन.

हे सगळं आज का लिहितोय? नळयोजना आली आहे, धरणाचं पाणी येतं, मान्य. पण मार्च संपला की नळ आठवड्यातून एकदा येतो आणि गाव परत त्याच बोअरवर जातं. मागच्या उन्हाळ्यात शेजारची सून त्याच पाण्यात पावडरचं दूध कालवून सात महिन्यांच्या लेकराला पाजत होती. मी म्हटलं तर म्हणाली, "काका, मी पाणी उकळून घेते." उकळल्यानं जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. कापडानं गाळून जात नाही, कँडलच्या फिल्टरनं जात नाही. आरओनं जातं. पावसाचं पत्र्यावरून धरलेलं पाणी असेल तर त्यात ते जवळजवळ नसतंच.

म्हणून घरात आठ वर्षांखालचं लेकरू असेल तर निदान त्याचं प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी वेगळं ठेवा. मोठ्यांनी बोअरच्या पाण्यानं भांडी घासा, आंघोळ करा, काही होत नाही. पोराला कोरा चहा देऊ नका, चहाच्या पानातही फ्लोराइड असतं. दूध, तीळ, नाचणी द्या, कॅल्शियम पोटात असलं की फ्लोराइड कमी शोषलं जातं. पेस्ट टीव्हीवर दाखवतात तशी ब्रशभर नको. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं वाटाण्याएवढी, आणि समोर उभं राहून थुंकायला लावा. गोड म्हणून पोरं गिळतात. ट्यूबवर फ्लोराइड किती ते लिहिलेलं असतं, आपल्याकडे १००० पीपीएमच्या वर चालत नाही. पेस्ट वाईट नाही बरं, कीड रोखायला तिच्याएवढं सोपं दुसरं काही नाही. गिळणं वाईट. आणि ज्यांचे दात आधीच डागाळलेत त्यांनी घासाघिशी बंद करा, दंतवैद्याकडे त्यावर इलाज आहेत.

पिण्याच्या पाण्याचं मानक लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर जास्तीत जास्त १.५. आपल्या गावातल्या सहा बोअरपैकी कोणता किती, हे आज गावात एकालाही सांगता येत नाही. दोन बोअर शंभर फुटांवर असले तरी आकडे वेगळे निघू शकतात. ओकलीच्या आयांकडे यंत्र नव्हतं, आपल्याकडे प्रयोगशाळा आहे.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा असा अर्ज मी दिलाय. त्याआधी सहाही बोअरचे नमुने न्यायचेत. शाळेजवळचा आणि मारुतीच्या पाराजवळचा मी भरतो. बाकी चार ज्यांच्या घराजवळ आहेत त्यांनी भरून रविवारी सकाळी माझ्याकडे आणून द्या. बाटली प्लास्टिकची घ्या, काचेची नको. पंप आधी पाच मिनिटं हापसा, त्याच पाण्यानं बाटली दोनदा विसळा, मग काठोकाठ भरा. बोअर कुठला आणि तारीख काय, ते चिकटपट्टीवर पेनानं लिहा. शाई पुसली जाते, वरून आणखी एक पट्टी लावा.